साहेबांचं माप

७ एप्रिल १७६३

आज सकाळी चर्चच्या घंटा मेल्यासारख्या वाजल्या. लोलकांना कातडं गुंडाळलं की असा दबका आवाज येतो, आणि तसं फक्त राजा गेल्यावर करतात. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच झाली होती. त्याला तसाच सोडून मी वस्तरा हातात घेऊन रस्त्यावर धावलो. समोरून एलियस लोहार येत होता.

"कोण गेलं? महाराज गेले की काय?"

"महाराज ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "आपली सायडर गेली."

मग सगळं कळलं. लंडनला पार्लमेंटात कायदा झालाय. सफरचंदं आंबवून केलेल्या सायडरवर कर बसला. विकायची असो की घरी प्यायची, अबकारीचा माणूस वाटेल तेव्हा घरात शिरून पिंपं मोजणार. आणि आमच्या टॅडीकूमचे खासदार सर मार्मड्यूक हेलियर यांनी त्या कायद्याला मत दिलं!

मला तर खरंच वाटेना. दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवशी 'काळा हंस' सराईच्या पायरीवर उभं राहून, हातात आमच्याच सायडरचा पेला धरून ते म्हणाले होते, "माझ्या जिवात जीव आहे तोवर अबकारीचा पाय तुमच्या उंबऱ्याच्या आत पडणार नाही." त्या दिवशी त्यांची दाढी मीच केली होती. गावात आले की ते दुसऱ्या न्हाव्याला हात लावू देत नाहीत. त्यांना कोणीतरी फसवलं असणार. पण त्याहून धक्का बसला तो घंटा वाजवणाऱ्यांचा. देवाच्या घरातल्या घंटा अशा थट्टेला वापरायच्या?

थॉमझिनला हे बोललो. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही साबण त्यांना लावता, की ते तुम्हाला?"

बायको म्हणून असं बोलणं बरं नव्हे. पण तिच्या वडिलांनी हाताने लावलेली झाडं आहेत परसात, त्याचा राग आहे तिला. शांत होईल.

५ मे

फ्रान्सशी तह झाला म्हणून आज देशभर आभाराची प्रार्थना होती. आमच्या गावाने काय केलं? पिंपाची अंत्ययात्रा काढली!

सहा जणांनी रिकामं पिंप तिरडीवर घेतलं होतं. वर काळं कापड. मागून बाया हातात काळी फीत बांधलेल्या सफरचंदाच्या फांद्या घेऊन रडण्याचं सोंग करत होत्या. तोंडावर जाळी ओढलेली, त्यामुळे कोण कोण ते कळेना. एकीचा गळा तर इतका मोठा, की चर्चच्या आवारातले कावळे उडाले. "अरे माझ्या पिंपा, तुला मार्मड्यूकने मारलं रे!" मी दुकानाच्या दारात उभा होतो. शरमेने मान खाली गेली.

पिंपावरच्या कापडाच्या कोपऱ्याला तिरकं ठिगळ होतं, अगदी थॉमझिनच्या काळ्या परकराला आहे तसं. घरी आल्यावर तिला गंमत म्हणून सांगितलं.

"काळे परकर काय मी एकटीच नेसते?" ती म्हणाली.

खरंच आहे. तिचा आवाज बसला होता. दिवसभर बहिणीकडे होती, तिचं तान्हं फार रडतं म्हणून गाणी म्हणावी लागली. मी तिला मध घालून गरम पाणी दिलं.

१९ जुलै

गिऱ्हाईक कमी झालंय. कोणीतरी दारावर खडूने लिहिलं, 'येथे खासदारांचे पाय चाटून मिळतील.' मी पुसलं. दुपारी पुन्हा लिहिलेलं होतं. त्यात एक शब्दही चुकला नव्हता, म्हणजे लिहिणारा शिकलेला आहे. याचंच जास्त वाईट वाटलं.

सासरेबुवा हसले. जॉब व्हिडन त्यांचं नाव, वय ऐंशीच्या पुढे. हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेत. परसाला लागून असलेल्या खोलीत पिंपं असतात, तिथेच त्यांनी आपला पलंग टाकायला लावला. म्हणतात, "मला हा वास पुरतो. औषध नको." मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही माणूस सरळ आहात. सरळ माणसाला सगळी वाट सरळच दिसते."

मी आभार मानले. थॉमझिन का हसली कळलं नाही.

१४ ऑक्टोबर

दुकान बंद करून लिहायला बसलोय.

आज अबकारीचा माणूस आला. ग्रिम्शॉ नावाचा, उत्तरेकडचा, तरुण आहे. नम्रपणे टोपी काढली त्याने. हातात मापाचा लांब गज. मी म्हणालो, "खोलीत आजारी माणूस आहे, उद्या या." तो म्हणाला, "मला हुकूम आहे, मागाहून आलो तर लोक पिंपं हलवतात." मी बाजूला झालो. कायदा आहे, मी काय करणार?

मोठं पिंप पलंगाच्या डोक्याकडे, भिंतीला लागून होतं. पलंग सरकवल्याशिवाय गज आत जाईना. पलंग जड. ग्रिम्शॉ म्हणाला, "आजोबा, जरा उठून उभे राहता का?"

सासरेबुवा उठले. कोणाचं ऐकून नव्हे. कोणी उचलून बाजूला ठेवण्यापेक्षा आपण उठावं, असा माणूस तो. अंगात नुसता सदरा, तोही गुडघ्याच्या वर. काटक्यांसारखे पाय, खाली थंड फरशी. शेजारचे लोक दारात गोळा झाले होते. ग्रिम्शॉ गज बुडवतोय, आकडा बोलतोय, पुसतोय, पुन्हा बुडवतोय. सासरेबुवांनी भिंतीला हात टेकला आणि म्हणाले, "मला कपडे तरी घालू द्या."

"झालंच, आजोबा."

थॉमझिन बाजाराहून आली तेव्हा ते तसेच उभे होते, तेच वाक्य पुन्हा म्हणत होते. तिने पाटी टाकली, अंगावरची शाल काढून त्यांना गुंडाळली आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

सासरेबुवा आज पहाटे गेले. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, ते वळवलंच नाही. शेवटची दाढी मी केली.

थॉमझिन रडली नाही. पुरून आल्यावर तिने ती खोली धुतली, पलंग मोडला आणि लाकूड परसात रचून ठेवलं. म्हणाली, "लागेल."

४ नोव्हेंबर

सर मार्मड्यूक आले! उद्या नगराध्यक्षांची मेजवानी आहे. मला वाटलं होतं, आता ते यायचे नाहीत. पण आले, आणि सकाळीच 'काळा हंस'हून मला बोलावणं आलं.

मी मनाशी ठरवून गेलो होतो. त्यांना ठाऊकच नसेल इथे काय चाललंय. सांगितलं की कळेल, लंडनला जाऊन काहीतरी करतील. तोंडाला साबण लावून झाला आणि मी सगळं सांगितलं. पलंग, गज, सदरा, दारातले लोक.

त्यांचे डोळे मिटलेले होते. मी थांबलो, तेव्हा म्हणाले, "हं. टकेट, पाणी जरा गार झालंय."

माझा वस्तरा त्यांच्या गळ्याशी होता. कातडीखाली एक शीर उडत होती. इतक्या वर्षांत मला ती कधी दिसली नव्हती. आज दिसली. मी तिच्याकडे किती वेळ बघत राहिलो, मला माहीत नाही. मग गरम पाणी मागवलं आणि दाढी पुरी केली. एकही ओरखडा नाही. खाली येऊन सराईच्या तबेल्यात वस्तरा धूत बसलो.

थॉमझिनने विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. ती कपाळाला हात लावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "कुठल्या खोलीत उतरलेत?"

"तीच नेहमीची, रस्त्याकडची. जेवण झालं की सदऱ्यावरच झोपतात दोन तास. का गं?"

"सहज."

५ नोव्हेंबर, शनिवार

जे पाहिलं ते आधी लिहून काढतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दर पाच नोव्हेंबरला पार्लमेंट उडवायला निघालेल्या गद्दाराचा पुतळा चौकात जाळतात, तसा यंदाही होता. पण त्याच्या अंगावर जरीचा कोट, डोक्यावर मेंढीच्या लोकरीच्या खोट्या केसांचा टोप, आणि गळ्यात सफरचंदांची माळ. कोण ते सांगायला नको. होळीसाठी रचलेल्या लाकडात मोडलेल्या पलंगाचे पाय दिसले. लाकूड सगळ्यांचं सारखंच असतं म्हणून मी गप्प बसलो.

दिवे लागायच्या सुमाराला ढोल वाजला आणि खालच्या गल्लीतून बाया आल्या. पुरुषांचे कोट, पुरुषांच्या टोप्या, तोंडाला काजळी. चाळीसएक असतील. ओरडत नव्हत्या. त्याचीच भीती वाटली. त्या पुतळ्याला ओलांडून सरळ 'काळा हंस'मध्ये शिरल्या. सराईवाल्याने दार अडवलं नाही. नगराध्यक्ष खिडकीतून दिसले आणि खिडकी लागली.

थोड्या वेळाने त्यांनी साहेबांना बाहेर आणलं. झोपेतून उठवलेलं, अंगात नुसता सदरा, पायात काही नाही, डोक्यावर टोप नाही. त्यांचं टक्कल या गावात माझ्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. कोणी त्यांना हात लावत नव्हतं. बाया चहूबाजूंनी चालत होत्या आणि मध्ये ते चालत होते.

सर्वांत पुढे होती तिच्या हातात ग्रिम्शॉचा गज. (ग्रिम्शॉला स्वतःच्या घरात कोंडून ठेवलं होतं, ते नंतर कळलं.) ती बसक्या, खरखरीत आवाजात म्हणाली, "साहेब, घाबरू नका. आम्हाला हुकूम आहे. मोजायला आलोय."

"मी पार्लमेंटाचा सभासद आहे!" साहेब ओरडले.

"ते पिंपावर लिहिलेलंच आहे. आत काय आहे ते बघायचंय. चला, सरळ उभे राहा."

तिने गज त्यांच्या पाठीला लावून उभा धरला. दुसरीने आकडा पुकारला. मग आडवा, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग पोटाभोवती दोरी. प्रत्येक आकड्याला चौक गजबजून उठे, पुन्हा गप्प होई. एलियस लोहार तर डोळे पुसत हसत होता. शेवटी पुढारीण त्यांच्या छातीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावून ऐकायला लागली, पिंप ठोकून बघतात तशी.

"काय भरलंय गं?" कोणीतरी विचारलं.

"शब्द होता एक. सराईच्या पायरीवर भरला होता. गळून गेला."

"मग?"

"रिकामं!"

सगळा चौक ओरडला, "रिकामं! रिकामं!" पुतळा पेटला. साहेबांचं सगळं अंग थरथरायला लागलं. आणि ते म्हणाले, अगदी हळू, पण मी जवळ होतो, ऐकलं मी, "मला कपडे तरी घालू द्या."

पुढारणीच्या हातातला गज खाली पडला.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाकीच्या बाया पुढचं काय म्हणून तिच्याकडे बघत होत्या आणि तिला काही सुचेना. मी पुढे कसा गेलो मला आठवत नाही. माझा कोट काढून साहेबांच्या खांद्यावर घातला. लोक मला शिव्या देत असतील, ऐकू आल्या नाहीत. तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "आत जा, तुमच्या छातीत थंडी शिरेल."

तो आवाज कोणाचा होता ते मी इथे लिहिणार नाही. कुठेही लिहिणार नाही.

६ नोव्हेंबर

चर्चला गेलो नाही. थॉमझिनने आपले हात तीनदा धुतले. मी साबण आणून दिला, चांगला, दुकानातला.

८ नोव्हेंबर

घोडेस्वार आलेत. मॅजिस्ट्रेट सराईच्या दिवाणखान्यात बसलेत. दंगलीच्या कायद्याखाली पुढाऱ्याला फाशी आहे, हे त्यांनी आधीच वाचून दाखवलं. पहिला साक्षीदार म्हणून मला बोलावलं. साहेब स्वतः म्हणाले, "टकेट सरळ माणूस आहे. तो सगळ्यांत जवळ उभा होता."

मी बायबलवर हात ठेवला.

"म्होरक्या कोण होता?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं. "बाई होती की बाईच्या आवाजातला पुरुष?"

"साहेब, मी न्हावी आहे. माणसाचा चेहरा मी साबणाखाली ओळखतो. काजळीखालचा कधी पाहिलेला नाही."

मागे कोणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. मॅजिस्ट्रेटनी टेबल ठोकलं. मला हसवायचं नव्हतं. सुचलं ते बोललो. बाहेर आलो तर एलियस लोहाराने माझा हात हातात घेतला. चिमट्यात सापडल्यासारखा दुखला.

१० नोव्हेंबर

ग्रेस हनीचर्चला धरलं. पाव भाजणारी विधवा, आमच्यापासून तिसरं घर. तिच्या कानामागे काजळी सापडली. ती म्हणाली, "भट्टीवालीच्या कानामागे काजळी नसेल तर काय अत्तर असेल?" पण ऐकतो कोण? तीच म्होरकी म्हणून एक्सेटरच्या कोर्टात पाठवणार आहेत. ग्रेसने एकही नाव घेतलं नाही. तिला दोन लहान मुली आहेत.

संध्याकाळी थॉमझिन डोक्याला बॉनेट बांधून दारात उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"सांगायला."

"काय सांगणार?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते. ग्रेस माझ्याऐवजी जाणार आणि मी इथे चूल पेटवत बसणार? बाबा असते तर तोंड बघितलं नसतं माझं."

मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. ती म्हणाली, "अहो, सरका." मी सरकलो नाही. एवढं मात्र मी केलं. शेवटी म्हणालो, "उद्या सकाळी साहेबांची दाढी आहे. कोट दिला म्हणून त्यांनी माझे आभार मानलेत. मी पाय धरतो त्यांचे. दुपारपर्यंत थांब. नाही जमलं तर आपण दोघं जाऊ."

"दोघं कशाला?"

"तुझ्याशिवाय मी इथे काय करू?"

तिने बॉनेट काढलं. पण खुंटीला लावलं नाही, मांडीवर घेऊन बसली.

११ नोव्हेंबर

जे घडलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. जसंच्या तसं लिहितो.

पाणी कढत नेलं होतं. साहेब बरे दिसत होते, नवा टोप लंडनहून आलाय. म्हणाले, "ती बाई फासावर गेली की हे गाव पुन्हा ताळ्यावर येईल. मी स्वतः एक्सेटरला साक्ष देणार आहे."

पाय धरायचे तर दाढी झाल्यावर, तोंडाला साबण असताना नको, असं मी ठरवलं होतं. तोवर काहीतरी बोलायला हवं. आणि मला खरोखरच त्यांची काळजी वाटत होती. एक्सेटरच्या कोर्टात गर्दी असते. म्हणून विचारलं, "साहेब, तिथे मापाचंही विचारतील का?"

"कसलं माप?"

"गज लावला ते. किती भरलात ते. आणि पिंपाबद्दल म्हणाले ते. वकील लोक शब्द न् शब्द वदवून घेतात म्हणे. आणि वर्तमानपत्रवाले चित्रं काढून लंडनला दुकानांच्या काचांना लावतात. टोप नसलेलं चित्र काढतील का हो? आधी कळलं तर मी हा टोप असा घट्ट बसवून देतो, की कोर्टात कोणाला मनात आणूनही डोकं दिसणार नाही."

साहेबांनी डोळे उघडले. आरशातून माझ्याकडे बघत राहिले. साबण त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता, तो मी टिपला.

"टकेट," ते म्हणाले, "तू मूर्ख आहेस, की..."

मी म्हणालो, "होय साहेब." दुसरं काय म्हणणार?

दाढी संपली. मी पाय धरायला वाकलो तर ते उठून खिडकीशी गेले होते. मॅजिस्ट्रेटना बोलावून म्हणाले, "त्या दिवशी उजेड कमी होता. मी कोणालाही ओळखलं नाही. माझ्या अंगाला कोणी हात लावला नाही. थोडा पोरकटपणा झाला, तो विसरून जाऊ." मॅजिस्ट्रेट म्हणाले, "पण पावभट्टीवाली?" साहेब म्हणाले, "सोडा म्हटलं ना!"

दुपारच्या आत त्यांची बग्गी गावाबाहेर गेली. माझा कोट त्यांनी खुंटीवर ठेवला होता. ग्रेसला सोडलं. तिच्या दोन्ही मुली तिच्या परकराला लोंबकळत घरी गेल्या आणि भट्टीचा धूर निघाला.

मी धावत घरी आलो. थॉमझिनला म्हणालो, "बघ, शेवटी मोठ्या मनाचा माणूस! मला पायही धरावे लागले नाहीत."

"मग धरलं काय तुम्ही?"

मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. टोप घट्ट बसवण्याचं तर तीनदा. मग ती हसायला लागली. बाकावर बसून हसली, टेबलावर डोकं ठेवून हसली. मी काय चुकीचं बोललो ते विचारत होतो, आणि ती हातानेच नको नको म्हणत होती. मग कधीतरी मला कळलं की ती हसत नाहीये. वडील गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं आज आलं.

मी शेजारी बसून राहिलो. काय करावं ते मला कळत नाही अशा वेळी.

बऱ्याच वेळाने ती तोंड पुसून म्हणाली, "किती थंडी वाजत होती हो त्यांना."

कोणाला, ते मी विचारलं नाही.